साक्षगंधानंतरचे सात महिने : नागपुरातील एका लग्नाच्या नियोजनाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील वधू नागपूरच्या महाल भागात वाढलेली आणि मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेली आहे. वर मूळचा हिंगणघाट तालुक्यातील एका गावचा, शिक्षणासाठी नागपुरात आलेला आणि नोकरीसाठी पुण्यात स्थिरावलेला. दोघांची ओळख महाविद्यालयातली असली तरी पुढचे सर्व रीतसर झाले : दोन्ही घरांची संमती मिळाली आणि एप्रिलच्या अखेरीस साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पार पडले. जात, पत्रिका किंवा देणेघेणे यांवरून कोणताही वाद नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण मला अभ्यासण्याजोगे वाटते. ज्या लग्नाला कोणाचाच विरोध नाही, ते लग्नही तीन महिन्यांत दोन्ही घरांत अबोला निर्माण होण्यापर्यंत कसे येऊन ठेपते, हे येथे स्पष्ट दिसते. कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

जुलैमध्ये हे दोघे लग्नाच्या नियोजनाबाबत माझ्याकडे सल्ल्यासाठी आले, तेव्हा तीन गोष्टी ठरलेल्या होत्या. गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्तानुसार डिसेंबरच्या मध्यावरची तारीख पक्की होती. वर्धा रोडवरच्या एका लॉनसाठी ५१ हजार रुपये आगाऊ भरलेले होते. आणि पाहुण्यांचा आकडा ‘हजार-अकराशे’ असा दोन्ही बाजूंच्या तोंडी रुळलेला होता. न ठरलेल्या गोष्टीही तीनच होत्या : कोणी किती खर्च करायचा, बाहेरगावच्या लोकांना कुठे उतरवायचे, आणि विवाहाचे प्रमाणपत्र कधी हाती पडणार. शेवटचा प्रश्न सर्वांत मागे पडलेला होता, परंतु तोच सर्वांत निकडीचा होता. वधूला कंपनी जानेवारीत परदेशी पाठवणार होती आणि पतीला सोबत न्यायचे असल्यास त्याची कागदपत्रे, विवाह प्रमाणपत्रासह, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मागितलेली होती.

ठरलेल्या तिन्ही गोष्टी सुट्या पाहिल्यास शहाणपणाच्याच होत्या. डिसेंबरात नागपूरची हवा सुखद असते, लॉन प्रशस्त होते, आणि दोन्ही घरांचा गोतावळा खरोखरच तेवढा होता. बिघडला होता तो क्रम. कायद्याची आणि कागदाची मुदत आधी पाहावी, मग माणसांचा आकडा आणि खर्चाची वाटणी ठरवावी, त्यानंतर तारीख आणि सर्वांत शेवटी जागा, हा क्रम मी प्रत्येक जोडप्याला सांगतो. आपल्याकडे नेमके उलटे घडते, कारण मुहूर्त विचारणे हा मंगल आरंभ मानला जातो, तर पैशाचा विषय काढणे अशुभ नसले तरी अवघड वाटते.

डिसेंबर आणि विधानभवन

पहिली अडचण तारखेची निघाली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानुसार राज्य विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होते आणि ते डिसेंबरात भरण्याची प्रथा आहे. मात्र त्याच्या तारखा दरवर्षी वेगळ्या असतात. २०२३ मध्ये ते ७ ते २० डिसेंबर, २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबर असे झाले. त्या तारखा साधारणतः पावसाळी अधिवेशनाच्या अखेरीस जाहीर होतात, आणि तोवर हिवाळ्यातील लग्नांची बरीचशी सभागृहे आरक्षित झालेली असतात. या जोडप्याची तारीख अधिवेशनाच्या ऐन आठवड्यात आली. वरपक्षाने पुण्याहून येणाऱ्या चाळीसेक जणांसाठी खोल्यांची चौकशी केली, तेव्हा सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स आणि वर्धा रोड या तिन्ही भागांत एक तर खोल्याच मिळेनात, किंवा मिळाल्या तरी दर ऐकून बोलणे तिथेच थांबे. भाड्याच्या गाड्यांचीही तीच गत. शिवाय मोर्चांमुळे सीताबर्डी परिसरातील रस्ते दुपारभर बंद राहतात आणि महालातून वर्धा रोडकडे निघालेली वधूची मंडळी त्यात अडकण्याची पूर्ण शक्यता होती. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे समजावून सांगावे लागते. नागपूरकरांनीच ते विसरावे याचे मात्र मला दरवर्षी नवल वाटते.

पर्याय तीन होते. फेब्रुवारी हवेच्या दृष्टीने उत्तम, पण तोवर वधू परदेशात गेलेली असणार. मे महिना लांबचा आणि नागपुरात पारा ४५ अंशांपलीकडे नेणारा. शेते रिकामी असतात म्हणून विदर्भात उन्हाळी लग्नांची जुनी वहिवाट असली, तरी भर दुपारी मांडवात वयस्कर माणसे बसवणे आता कोणालाच नको असते. उरला नोव्हेंबर, म्हणजे तुळशीचे लग्न आटोपल्यानंतरचे आणि अधिवेशनापूर्वीचे दोन-तीन आठवडे.

त्यावर वराच्या वडिलांनी घेतलेली हरकत रास्त होती. नोव्हेंबरात कापसाची वेचणी ऐन भरात असते. गावातले भाऊबंद आणि मजूर दिवसभर शेतात असतात आणि कापसाचे चुकारे, म्हणजे विक्रीचे पैसे, अद्याप हाती पडलेले नसतात. डिसेंबर त्यांना हवा होता तो मुहूर्तापेक्षा या कारणासाठी. परंतु ही गोष्ट त्यांनी साक्षगंधाच्या बैठकीत सांगितली नव्हती, कारण व्याह्यांसमोर पैशाची अडचण बोलून दाखवणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. मुलाने ती नंतर एकट्याने सांगितली. दोन्ही वडिलांची बैठक घेऊन पैशाचा विषय उघडपणे मांडला गेल्यावर वातावरण पुष्कळ निवळले. एकूण खर्चाची मर्यादा १४ लाख ठरली. त्यांपैकी वधू आणि वर प्रत्येकी चार लाख आपल्या बचतीतून घालतील आणि दोन्ही घरे प्रत्येकी तीन लाख देतील, असे कागदावर लिहिले गेले. वरपक्षाचा वाटा डिसेंबरात दिला तरी चालेल, तोवर मुलगा तो उचलेल, हेही त्याच कागदावर आले. वधूपक्षाने लग्न करून द्यायचे आणि वरपक्षाने स्वागत समारंभ करायचा ही जुनी वाटणी सोडून एकच समारंभ निम्म्या-निम्म्या खर्चाने करायचा, हा निर्णय त्यातून आपोआप निघाला.

यादी

अकराशेच्या आकड्याची झडती घेणे हे सर्वांत कष्टाचे काम होते. नावे लिहून काढल्यावर दिसले की त्यांतील निम्म्याहून थोडी अधिक माणसे वराच्या गावची आणि आसपासची होती. त्यांच्यापैकी बहुतेकांना नागपूरला येऊन-जाऊन दीडशे किलोमीटरचा प्रवास, एका दिवसाची मजुरी आणि कापडचोपडाचा खर्च पडणार होता. त्यांना बोलावले नाही तर रुसवा, आणि बोलावले तर त्यांचाच खोळंबा. यावर वराच्या आईने सुचवलेला मार्ग स्वीकारला गेला : नागपुरात साडेचारशे माणसांचे लग्न, आणि तिसऱ्या दिवशी सायंकाळी, शेतातून लोक परतल्यावर, गावात पाचशे ताटांची पंगत. पोळी, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी आणि मठ्ठा एवढाच बेत, गावातलाच आचारी आणि बरेचसे धान्य घरचे, त्यामुळे ताटामागे खर्च ११० रुपयांच्या आत बसला.

हिशेब मांडून पाहिला तर फरक लक्षात येतो. अकराशे ताटे ४८० रुपयांच्या दराने ५ लाख २८ हजारांवर जात होती. साडेचारशे ताटे थोड्या चांगल्या बेतासह, म्हणजे पाटवडी रस्सा, पुडाची वडी आणि वडाभात धरून, ५२० रुपयांच्या दराने २ लाख ३४ हजार होतात. त्यात गावच्या पंगतीचे ५५ हजार मिळवले तरी बेरीज २ लाख ८९ हजार. जवळजवळ २ लाख ४० हजार रुपये वाचले, आणि जेवली मात्र दीडशेच माणसे कमी. या दीडशेंत वधूच्या वडिलांच्या कार्यालयातील जुने सहकारी होते, दोघांच्या समाजमाध्यमांवरच्या ओळखी होत्या, आणि ‘त्यांनी आपल्याला बोलावले होते’ एवढ्याच कारणाने घुसलेली नावे होती. या शेवटच्या प्रकाराबाबत माझे मत कठोर आहे : ज्यांच्या घरी गेल्या पाच वर्षांत आपण लग्नाखेरीज एकदाही गेलो नाही, त्यांना निमंत्रण न देणे हा अपमान नव्हे.

केटररशी बोलताना ताटांची हमी कितीची आणि तयारी कितीची, हे दोन वेगळे आकडे लिहून घेतले. हमी, म्हणजे माणसे कमी आली तरी जितक्या ताटांचे पैसे द्यायचेच तो आकडा, ४०० ची आणि तयारी ४५० ची होती. मोजणी ताटांवरून करायची, आणि ती दोन्ही बाजूंचा एकेक माणूस उभा राहून करील, असे ठरले. प्रत्यक्षात ४३८ ताटे भरली. मोजणीला उभा राहणारा माणूस नात्यातला तरुण असावा, पण नवरदेवाचा जिवलग मित्र नसावा, कारण तो वरातीत नाचत असतो.

संख्या घटल्यावर जागेचाही प्रश्न बदलला. साडेचारशे माणसांना वर्धा रोडवरच्या लॉनची गरज उरली नाही. सक्करदऱ्याकडचे एक बंदिस्त सभागृह निवडले गेले : वधूच्या घरापासून जवळ आणि रात्रीच्या थंडीत जेवण निवण्याची धास्ती नाही. गुरुवारची तारीख असल्याने भाडेही कमी पडले. पहिल्या लॉनच्या मालकाने पावतीवर ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ असे छापले होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ग्राहकावर अवाजवी अटी लादणाऱ्या एकतर्फी कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद आहे, परंतु लग्नाच्या तोंडावर कज्जा मांडण्यात अर्थ नव्हता. तारीख सोडल्याचे जुलैतच लेखी कळवल्यामुळे दुसरा ग्राहक मिळवण्यास मालकाला वेळ मिळाला, आणि तो मिळाल्यावर त्याने निम्मी रक्कम, म्हणजे २५ हजार ५०० रुपये, परत केली. नव्या सभागृहाशी करार करताना मात्र तारीख बदलल्यास काय, विजेचे बिल युनिटप्रमाणे की ठोक, जनरेटरच्या डिझेलचे पैसे कोणाचे, बाहेरचा केटरर आणल्यास सभागृहाला द्यायची रॉयल्टी किती, मांडव-सजावटीचे सामान पुरवणारे बिछायत केंद्र आपल्या पसंतीचे चालेल का, आणि सभागृह किती वाजता ताब्यात मिळेल व किती वाजता रिकामे करायचे, हे सर्व प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारले गेले. यातील रॉयल्टीचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि मग स्वस्त केटरर महाग पडतो.

प्रमाणपत्र

आता मूळ निकडीकडे येतो. ओळखीच्या एका दलालाने त्यांना सोपा मार्ग सुचवला होता : ‘सर्टिफिकेट आत्ताच काढून घ्या, लग्न सावकाश लावा.’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो धोकादायक आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार विवाह होतो तो दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. कलम ८ खालील नोंदणी ही झालेल्या विवाहाचा पुरावा आहे. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे दलालाच्या मार्गाने गेल्यास न झालेल्या विधींची तारीख खोटी लिहावी लागली असती, आणि तोच कागद परदेशी वकिलातीपुढे ठेवावा लागला असता.

विधी नोव्हेंबरच्या अखेरीस आणि कागद नोव्हेंबरच्या मध्याला, या पेचातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग विशेष विवाह अधिनियम, १९५४ हा होता. त्यात विवाह अधिकाऱ्यासमोर झालेली घोषणा हाच विवाह असतो. धार्मिक विधी लागत नाही, आणि नंतर करण्यास आडकाठीही नाही. वेळापत्रक मात्र काटेकोर असते. दोघांपैकी एकाचे नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य असावे लागते. वधू नागपूरचीच असल्याने ही अट पूर्ण होत होती. नोटीस दिल्यावर ती कार्यालयात प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. वराचे कायमचे राहणे वर्धा जिल्ह्यातले असल्याने नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही गेली. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होऊन नव्याने नोटीस द्यावी लागते, त्यामुळे फार आधी घाई करूनही उपयोग नसतो. या हिशेबाने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पितृपक्ष लागण्यापूर्वी, नोटीस दिली गेली. पितृपक्षाचा कायद्याशी काही संबंध नाही, पण घरच्यांचे एवढे मन राखणे विनाखर्चाचे होते. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तीन साक्षीदारांसह विवाह लागला. पुढे राज्य शासनाचे प्रमाणीकरण आणि कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील यांसाठी पुरेसा अवधी उरला.

दोन शंकांनी घर काही दिवस ढवळून निघाले. पहिली वराच्या वडिलांची. या कायद्याने लग्न केल्यास मुलगा एकत्र कुटुंबातून बाहेर पडतो आणि वडिलोपार्जित शेतीवरचा त्याचा हक्क बिघडतो, असे त्यांना गावात कोणीतरी सांगितले होते. ही ऐकीव माहिती पूर्णपणे निराधार नव्हती, कारण कलम १९ मध्ये तसे म्हटलेले आहे. परंतु १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम २१-क प्रमाणे वधू-वर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते कलम लागूच होत नाही आणि वारसाहक्क पूर्वीच्याच कायद्याने चालतो. कलमांची प्रत वकिलाकडून वाचून घेतल्यावर त्यांचे समाधान झाले.

दुसरी शंका वधूच्या वडिलांची होती, ती म्हणजे ऐन चातुर्मासात लग्न कसे लावायचे. ते उघड बोलत नव्हते, पण ‘आजीला काय वाटेल’ असे वारंवार म्हणत होते. शेवटी आजींनाच विचारण्यात आले. ‘कागदाले मुहूर्त कायले पाह्यजे?’ एवढे म्हणून त्यांनी विषय संपवला, आणि विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाताना नातीला नवी साडी नेसवली. वडीलधाऱ्यांच्या नावाने घेतल्या जाणाऱ्या हरकतींपैकी बऱ्याचशा मधल्या पिढीच्या स्वतःच्या असतात, हे मी इतरही घरांत पाहिले आहे.

ज्यांना अशी घाई नाही, त्यांच्यासाठी नेहमीची वाट सोपी आहे. विधिवत लग्न लावावे आणि राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमानुसार ९० दिवसांच्या आत नोंदणी करावी. नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी पती किंवा पत्नी जिथे राहते त्या झोनच्या कार्यालयात हे काम होते. नोंदणीच्या अर्जावर गुरुजींची सही लागते, म्हणून ती आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवावी. नंतर गुरुजी दुसऱ्या लग्नात असतात. पत्रिकेवरील नावांचे लेखन आधार आणि पारपत्राशी जुळते की नाही हे छपाईपूर्वी पाहावे. ‘चि. सौ. कां.’ च्या पुढे घरगुती लाडके नाव छापून मग प्रतिज्ञापत्रे करत बसलेली जोडपी कमी नाहीत.

लग्नाचा दिवस

मुहूर्त सायंकाळी सहाच्या सुमाराचा होता. विदर्भात सहाचे लग्न आठाला लागणे नवलाचे नाही, आणि त्याचे कारण बहुधा वरात हेच असते. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर वाजवता येत नाही, त्यामुळे उशिरा निघालेली वरात पुढचे सर्व काही ढकलत नेते. येथे धुमालवाल्यांशी, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या वाद्यपथकाशी, करार तासांवर केला गेला : पावणेपाच ते सव्वासहा, त्यापुढे वाजवल्यास त्याचे पैसे नाचणाऱ्यांनी द्यायचे. मारुतीच्या देवळापासून सभागृहापर्यंतचे अंतर मुद्दामच लहान ठेवले. मंगलाष्टके वीस मिनिटे उशिरा सुरू झाली, आणि तीही वराच्या एका मामांचा फेटा सापडत नसल्यामुळे.

पैशाचे व्यवहार शक्यतो बँकेतून केले गेले. एका प्रसंगाच्या संदर्भात एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, त्यामुळे केटररला सर्व रक्कम रोख देण्याचा वधूच्या काकांचा आग्रह मान्य झाला नाही. लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची वधूची आणि वराची अशा दोन स्वतंत्र याद्या करून त्यांवर दोघांच्या सह्या घेतल्या. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांत ही यादी सांगितलेली आहे, पण ती करणारी घरे मी फार थोडी पाहिली आहेत. वधूच्या मावशींना हा प्रकार अविश्वासाचा वाटला. वधूच्या सासूबाईंनी मात्र पहिली यादी स्वतः लिहायला घेतली, त्यामुळे चर्चा वाढली नाही.

गमावलेली आगाऊ रक्कम धरून एकूण खर्च १३ लाख ७० हजारांच्या आसपास आला. वरपक्षाचे तीन लाख कापसाचे चुकारे मिळाल्यावर डिसेंबरात मुलाच्या खात्यात जमा झाले. अबोला पूर्णपणे टळला असे नाही. यादीतून वगळलेल्या एका सहकाऱ्याने वधूच्या वडिलांशी बोलणे बंद केले आणि ते अजून सुरू झालेले नाही.

एक काम लग्नानंतरही उरले होते. पत्रिकेवर नोव्हेंबरची तारीख आणि प्रमाणपत्रावर ऑक्टोबरची, असे दोन दाखले तयार झाल्याने महानगरपालिकेत पुन्हा नोंदणी करावी का, असे वराने विचारले. ती करू नये असेच मी सांगितले. विवाह एकदाच झाला आहे, तो ऑक्टोबरात, आणि दोन प्रमाणपत्रांवर दोन तारखा आल्यास प्रत्येक कार्यालयात खुलासा देत बसावे लागेल. व्हिसा, बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन या सर्व अर्जांत दोघांनी ऑक्टोबरचीच तारीख लिहिली आहे. लग्नाचा वाढदिवस कोणत्या दिवशी करायचा, हे ठरवण्याचे काम आजींकडे सोपवले असून त्यांनी नोव्हेंबर सांगितला आहे.